कूलिंग चालू असताना मेंदूचा ऑक्सिजन कसा बघायचा

हार्ट बंद पडून परत चालू झालेला पेशंट आयसीयूत आला, व्हेंटिलेटर लागला, कूलिंग (मेंदू वाचवायला शरीर मुद्दाम थंड करणं) सुरू झालं की सगळे टेम्परेचरकडेच बघून राहतात. पण ज्या मेंदूसाठी एवढी धडपड चालू आहे त्याला ऑक्सिजन पुरतो का हे सेरेब्रल ऑक्सिमीटर (एनआयआरएस) या मशीनच्या कपाळावरच्या दोन सेन्सर पट्ट्या टक्क्यांच्या आकड्यात सांगतात, म्हणून आपल्या नागपुरातल्या नवीन आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि सिस्टर लोकांसाठी हे लिहून राहिलो.

आधी पट्टी नीट लावा. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, पेशंटचं कपाळ घामानं नि तेलानं चिकट असतं, स्पिरिटनं पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या, मग भुवयांच्या वर एक डावीकडे एक उजवीकडे, मधोमध नाही, केसांवर नाही, सूज किंवा रक्त साकळलंय तिथे तर नाहीच. कूलिंग सुरू व्हायच्या आधीचा आकडा चार्टवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढची सगळी तुलना त्याच्याशीच.

हे मशीन नाडीवर चालत नाही, त्यामुळे थंडीनं बोटं आखडून पल्स ऑक्सिमीटर हुकला तरी हे चालतं. आणि या आकड्यात जास्त वाटा शिरांमधल्या, ऑक्सिजन देऊन परत चाललेल्या रक्ताचा असतो, म्हणून ६५ दिसलं की घाबरून ऑक्सिजन १०० टक्के करू नका. बोटावरचं सॅच्युरेशन ९४ ते ९८ बास आहे, जास्तीचा ऑक्सिजनही मेंदूला त्रासच देतो.

काळजी कधी करायची? सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० टक्के खाली, म्हणजे ६५ चा ५२ झाला, किंवा आकडा ५० च्या खाली गेला तर. पट्टी सुटली का, मान वाकडी झाली का, मीन (सरासरी) बीपी ६५ च्या खाली गेलं का, हे लगेच बघा. मग सीओटू, आणि इथेच जास्त लोक चुकतात. शरीर एक डिग्री थंड झालं की मेंदूचा ऑक्सिजनचा खर्च साधारण ६-७ टक्के कमी होतो, सीओटू कमी तयार होतो, पण व्हेंटिलेटरची सेटिंग तीच राहते, म्हणजे पेशंटला नकळत जास्त श्वास दिला जातो, सीओटू पडतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात नि आकडा घसरतो. अशा वेळी ऑक्सिजन वाढवून काही होत नाही, एबीजी (धमनीतल्या रक्ताची गॅस तपासणी) पाठवा, सीओटू ३५ ते ४५ मध्ये आणा, आणि एबीजी पेशंटच्या टेम्परेचरला धरून वाचायची की ३७ ला हे युनिटमध्ये एकदाच ठरवा नि तेच चालू ठेवा. हिमोग्लोबिन बघा. जबड्यावर हात ठेवून बघा, बारीक थरथर मॉनिटरवर दिसायच्या आधी हाताला कळते, आणि थरथरीत ऑक्सिजन भराभर संपतो, सिडेशन (गुंगीचं औषध) वाढवायला डॉक्टरांना लगेच सांगा.

आकडा अचानक वर गेला तर खूश होऊ नका, मेंदू ऑक्सिजन वापरतच नसेल तरी तो चढतो.

हार्ट बंद पडलेल्या पेशंटवरच्या २०२१ च्या टीटीएम-टू ट्रायलमध्ये ३३ डिग्रीपर्यंत थंड करण्याचा वेगळा फायदा दिसला नाही, त्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी फक्त ताप ३७.५ च्या वर जाऊ न देण्यावर भर असतो. पट्ट्या तेव्हाही तितक्याच कामाच्या. ३३ वर नेलंच असेल तर परत गरम करताना तासाला पाव ते अर्धा डिग्रीच, आणि तेव्हा पोटॅशियम नि सीओटू दोन्ही चढतात, म्हणून पट्ट्या लवकर काढू नका.

बाहेर भंडारा-गोंदियाहून आलेले नातेवाईक विचारतील, भाऊ, मेंदू चालून राहिला का? या एका आकड्यावरून हो किंवा नाही सांगू नका, ७२ तासांच्या आधी कोणताच अंदाज पक्का धरत नाहीत, तेवढंच त्यांना बसवून शांतपणे सांगा.