ऑइल दुधाळ झालंय? ओतून द्यायच्या आधी पाणी कुठून आलं ते बघा

आयटीआयला मेकॅनिक डिझेलचा 1 वर्षाचा ट्रेड केला आणि रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात एका मिस्त्रींच्या हाताखाली लागलो, तेव्हा वाटायचं इंजिन ते इंजिन, ट्रकचं काय नि बोटीचं काय. बोटीत नवीन येणाऱ्या पोरांसाठी लिहितोय, कारण माझी पहिली मोठी केस मीच तयार केली होती.

मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै, इंजिनाची सगळी कामं त्या दोन महिन्यांत कोंबलेली असतात. जुलैच्या शेवटी एका ट्रॉलरचं इंजिन ट्रायलला चालू केलं तर खाऱ्या पाण्याच्या पंपाखाली (इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत खेचतो तो) एका बारीक भोकातून थेंब थेंब गळत होतं, मी नुकताच मारलेला रंग खराब होत होता, मग काय, एमसील मळली, भोक बुजवलं, वरून परत रंग. लीक बंद! नाखव्याने, म्हणजे बोटीच्या मालकाने, चहा पाजला.

ऑगस्टमध्ये तांडेलचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, फोन. "ऑइल वाढलंय." खराब झालंय नाही म्हणाला, वाढलंय म्हणाला, आणि हाच शब्द महत्त्वाचा. कोणी न घालता डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) लेव्हल वर आली तर आत डिझेल तरी गेलंय नाहीतर पाणी. डिझेल असेल तर ऑइल पातळ होतं, काळंच राहतं, वास येतो. इथे तर सरळ दुधाचा चहा होता. मी लगेच हुशारी केली, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) रिकामा केला, फिल्टर बदलला, 18-20 लिटर नवीन ऑइल ओतलं. दुसऱ्या दिवशी परत चहा.

मग मिस्त्री आले. पान्याला हात न लावता ते तांडेलला विचारत बसले, गोड्या पाण्याच्या टाकीत (इंजिनात फिरणारं कूलंटचं पाणी) पाणी कमी होतंय का, टाकीत तेलाचा तवंग दिसतो का, धूर पांढरा येतो का. मला तेव्हा टाइमपास वाटला. पण बघा, टाकीतलं पाणी उतरत असेल तर ते गोडं पाणी आत जातंय, म्हणजे हेड गॅस्केट, लायनरच्या ओ-रिंगा (सिलिंडरभोवतीची रबरी सीलं) किंवा ऑइल कूलर (पाण्याने ऑइल थंड करतो तो). टाकीत तवंग असेल तर आधी कूलर, कारण इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त, त्यामुळे ऑइल पाण्यात जातं, आणि इंजिन बंद झालं की उलट पाणी ऑइलात यायला लागतं. टाकी जशीच्या तशी आणि ऑइल वाढतंय, तर समुद्र आत येतोय. काही जुने लोक खारं की गोडं ते जिभेला लावून बघतात, तुम्ही बघू नका, कूलंट विषारी असतं.

आमची टाकी फुल होती. मिस्त्री वाकले, पंपाखाली स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं, एमसीलचा तुकडा हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. बस. त्या पंपात शाफ्टवर दोन सील असतात, एक पाण्याच्या बाजूला एक ऑइलच्या बाजूला, मधली जागा मुद्दाम मोकळी आणि खाली ते भोक. तिथून पाणी आलं तर पाण्याचं सील गेलं, ऑइल आलं तर ऑइलचं. मी भोक बुजवल्यावर पाण्याला जायला दुसरी वाटच नव्हती, दुसऱ्या सीलमधून टायमिंग केसमध्ये (इंजिनाच्या गिअरांची पेटी) आणि तिथून चेंबरमध्ये.

सील किट बदलल्यावर मग धुणं. ऑइल गरम असताना काढा, दुधाळ ऑइल रात्रभर ठेवलं तरी नीट वेगळं होत नाही. साधं त्याच ग्रेडचं ऑइल, नवा फिल्टर, लोड न देता गरम होईपर्यंत चालवा, परत काढा. आम्हाला तीन फेऱ्या लागल्या. काही जण डिझेल घालून इंजिन चालवतात, मिस्त्री कधीच करू देत नाहीत, बेअरिंगवरची ऑइलची फिल्म जाते म्हणून. खारं पाणी असेल तर उद्यावर ढकलू नका, क्रँक गंजायला वेळ लागत नाही. आम्ही चेंबर उतरवून बेअरिंग पण बघितल्या, दोन बदलाव्या लागल्या.

अजून एक, इंजिन स्टार्ट होत नसेल आणि सायलेन्सरच्या बाजूने पाणी आत आल्याचा संशय असेल तर स्टार्टर मारत बसू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोजल (सिलिंडरात डिझेल फवारतात ते) काढा, हाताने फिरवा, पाणी बाहेर उडू द्या. आणि पावसाळ्यात नुसत्या उभ्या बोटीच्या ऑइल झाकणाखाली थोडा पांढरा लोण्यासारखा थर दिसला तर लगेच हेड खोलायला घेऊ नका, दमटपणाने पण तो येतो. डिपस्टिक साफ असेल, लेव्हल तीच असेल तर इंजिन नीट गरम करून परत बघा. शंका राहिलीच तर तापलेल्या तव्यावर ऑइलचा एक थेंब टाका, पाणी असेल तर तडतडतं. डोळे लांब ठेवून.

कोर्सबद्दल बरेच जण विचारतात. आयटीआय चालतं, पण बोटीचंच करायचं असेल तर कोचीच्या सिफनेट या मासेमारी प्रशिक्षणाच्या सरकारी संस्थेचा मरीन फिटर कोर्स बघा. तिथून आलेल्या पोरांना हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने गोडं पाणी थंड करतो तो) काय ते पहिल्या दिवशी विचारावं लागत नाही, मला लागलं होतं.

त्या ट्रॉलरच्या तांडेलला मी नंतरच्या प्रत्येक फेरीला निघायच्या आधी डिपस्टिकचा थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन फोटो पाठवायला सांगितलं होतं. अजून पाठवतो, आता सोबत पंपाखालच्या भोकाचा पण पाठवतो, वर हसणारा इमोजी.