सोलापूरच्या उन्हात असिर्तिको: आंबट वाईन कशी थंड करावी, कशाबरोबर प्यावी

नान्नजच्या नानासाहेब काळे यांची ‘सोनाका’ ही द्राक्षजात ज्या जिल्ह्यात जन्मली, तिथल्या माणसाला द्राक्ष गोडच हवं असतं. मणी तोंडात टाकला आणि दात आंबले की माल कच्चा, विषय संपला. असिर्तिको पिताना ही सवय तेवढी बाजूला ठेवा.

ही ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरची पांढरी द्राक्षजात, तिच्या वाईनलाही हेच नाव. तिथं ज्वालामुखीची माती, पाऊस तुटपुंजा आणि वारा सोसाट्याचा. मांडव टिकणार नाही, म्हणून शेतकरी वेल जमिनीलगतच गोल वळवून टोपलीसारखी विणतात आणि घड आत लपून वाढतात. उन्हात द्राक्ष पिकलं की आंबटपणा उतरतो, हे आपल्या बागायतदारांना सांगायला नको. असिर्तिको मात्र साखर भरली तरी आम्ल टिकवून धरते.

आधी बाटली मिळवायची. सोलापुरातल्या दुकानात ती मिळेलच असं नाही. परदेशातून कुणी येणार असेल तर सांगून ठेवा. प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या आरामात. लेबलवर सांतोरिनीचं नाव असेल तर आत किमान 75 टक्के असिर्तिको असते. नाहीच जमलं तर अकलूजच्या फ्रातेली वायनरीची सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाईन घ्या. चव वेगळी, पण खालच्या पायऱ्या तिलाही चालतात.

घरी आणताना बाटली गाडीत ठेवून कामाला जाऊ नका. मे महिन्यात मी एकदा दुपारभर डिकीत विसरलो. बूच वर सरकलं होतं आणि वाईनला शिजल्यासारखा वास येत होता. माळ्यावरही नको. उघडेपर्यंत फ्रिजच ठीक.

आता फ्रिजमध्ये न ठेवलेली बाटली ऐनवेळी थंड करणं, आणि इथंच बहुतेकांचं चुकतं. नुसत्या बर्फात बाटली खोचली तर बर्फ काचेला जेमतेम टेकतो. बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घाला, बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस मिनिटं पुरतात. 8 ते 10 अंशांवर ती छान लागते. त्याहून गार केली तर नुसता आंबटपणा उरतो, वास मरतो. टेबलावर आणल्यावर कोरडा सोलापुरी टॉवेल गुंडाळून ठेवा, पंख्याच्या वाऱ्यात नको. टॉवेलामुळे बाहेरची उष्णता सावकाश आत जाते.

पेला एक तृतीयांशच भरा. थोडं थोडं ओतलं की गरम व्हायच्या आत संपतं.

पहिला घोट गिळल्यावर जबड्याच्या कडेला पाणी सुटतं का बघा. चिंच नुसती आठवली तरी सुटतं ना, तसं. ही उपमा उगाच नाही: चिंचेतलं टार्टारिक आम्लच द्राक्षात असतं. बाटलीच्या तळाला साखरेसारखे स्फटिक दिसले तर तेही त्याच आम्लाचे. काच समजून फेकू नका.

जेवायला काय? उजनीचा तळलेला चिलापी मासा, वरून मीठ. लिंबू पिळू नका, ते काम वाईन करते. शेंगा चटणी दह्यात कालवून कडक भाकरीबरोबरही जमते, कारण शेंगांचा तेलकटपणा आम्ल कापतं. पण झणझणीत मटणाच्या रश्श्याबरोबर नको. हिच्यात अल्कोहोल साधारण 13-14 टक्के असतं आणि अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं. आमच्या घरी हे कुणालाच पटत नाही, आणि मग सगळे पाणी मागत बसतात.

उरली तर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, तीन दिवस चालते. चौथ्या दिवशी पुढच्या माशाला लिंबाऐवजी चोळा.