रक्तातलं शिसं मोजायला येताय? थोडं ऐकून या

मुलांचं आरोग्य आणि पर्यावरण या विषयात यायचंय म्हणणारे सगळे आधी पदवीचं विचारतात. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) असेल तर उत्तम, पण आमच्याकडे नर्सिंगवाले, एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यवाले, रसायनशास्त्रवाले असे सगळेच निभावतात. मी उलट विचारते: नुसते नमुने गोळा करायचेत, की त्या नमुन्यांवरचा पेपरही, म्हणजे शोधनिबंधही लिहायचाय?

मी शिशावर काम करते. युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी प्युअर अर्थ ही संस्था यांच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे जवळपास 80 कोटी मुलांच्या रक्तात डेसिलीटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे, आणि त्यातली बहुतेक आपल्यासारख्या देशांतली. पोटात गेलेलं शिसं मुलांच्या अंगात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं.

पहिले काही आठवडे तुम्ही फक्त मुलांचे हात धुवायला शिकाल. हसू नका. बोटाला टोचून रक्त घेताना कातडीवरची धूळ थेंबात मिसळली की आकडा उगाच फुगतो. साबणाने हात धुतले, की पोरगं लगेच आईचा पदर धरतं किंवा जमिनीवर हात टेकतं. पुन्हा धुवायचे. पहिला थेंब पुसून टाकायचा. एवढं करूनही आकडा चढा आला, तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करायची, मगच घरच्यांना सांगायचं.

प्रश्नावली ही त्याहून अवघड गोष्ट. 'घरात कोणी बॅटरीचं काम करतं का?' या प्रश्नाला एका वस्तीत घरोघर 'नाही' येत होतं. आमच्यातली तिथलीच एक मुलगी नुसती बसून गप्पा मारायला लागली. 'वहिनी, दादांचे कामावरचे कपडे पोरांच्या कपड्यांबरोबरच भिजवता का?' हो म्हणे, एकाच बादलीत. दादा भंगारातल्या शिशाच्या बॅटऱ्या फोडायला जात होते, पण त्याला ते 'भंगाराचं काम' म्हणायचे. हे बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला सुचत नाही, म्हणून तर स्थानिक माणूस तयार करायचा. पण प्रश्न तिने दुरुस्त केला आणि पेपरवर नाव दुसऱ्याचं, असंही या क्षेत्रात सर्रास चालतं.

बांगलादेशचं उदाहरण मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं. ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या आरोग्य संशोधन संस्थेच्या आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी माग काढला तो हळदीपर्यंत पोचला. पिवळाधमक रंग यावा म्हणून हळदीला लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग लावला जात होता. गिरणीवाले, व्यापारी यांच्याशी बोलायला भाषा आणि बाजार जाणणारीच माणसं हवीत. 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं होतं; सरकारने दंड आणि जाहिरातींचा धडाका लावल्यावर 2021 मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही.

कागदपत्रांना कंटाळू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांपासून पुढच्या मुलाचाही होकार लागतो: बारापर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. पैसा परदेशी असेल, तर एथिक्स कमिटीखेरीज (संशोधनाची नैतिकता तपासणारी समिती) आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीचीही मंजुरी हवी. यात महिने जातात, तेवढ्यात 'आर' ही आकडेवारीची संगणक भाषा शिकून घ्या. ज्याला स्वतःचा डेटा उघडता येत नाही, त्याला कुणी लेखक करत नाही.

शिष्यवृत्त्यांमध्ये अमेरिकन सरकारच्या फोगर्टी सेंटरचा (आंतरराष्ट्रीय आरोग्य संशोधनाला निधी देणारं केंद्र) जिओहेल्थ हा पर्यावरण-आरोग्याचा कार्यक्रम माहीत असू द्या. त्यात संशोधनाचा पैसा थेट आपल्याकडच्या संस्थेला आणि प्रशिक्षणाचा पैसा अमेरिकेतल्या संस्थेला, अशी जोडी असते. मला ही रचना आवडते. निदान प्रकल्पाची चावी आपल्याकडे राहते. पण तिकडचं धोरण बदललं की निधी हलतो, तेव्हा एकाच दारावर बसू नका.

मुलाखतीला गेलात तर तीन गोष्टी बिनदिक्कत विचारा: डेटा कुणाच्या ताब्यात राहणार, लेखकांची नावं कधी ठरणार, आणि ज्या मुलाचा आकडा जास्त येईल त्याला पुढे कोण बघणार. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी नोकरी शोधा.