मारुती आठशेचं हेड गॅस्केट घरी बदलायचं तर

आठशे पाणी खायला लागली की लोक लगेच ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणतात, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सील करणारी पातळ पट्टी फुटली. आधी खात्री करा. रोज रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागतंय आणि खाली जमिनीवर थेंब नाही, तर संशय घ्यायला जागा आहे. पण डाव्या सीटखालचं कार्पेट ओलं लागत असेल तर हीटर गळतोय. वॉटर पंपाखाली पांढरा डाग असेल तर पंपाचं सील गेलंय. ही दोन्ही कामं हेड न उतरवता होतात.

खरी परीक्षा अशी घ्या. सकाळी गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा आणि गाडी चालू करा. सुरुवातीला दोनचार बुडबुडे येतील, ते सोडून द्या. पण बुडबुडे थांबतच नसतील आणि रेस दिल्यावर पाणी उसळून बाहेर येत असेल, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची सळई, काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पावसाळ्यात नुसत्या ऑइलच्या झाकणाला आतून पांढरा फेस धरतो, विशेषतः गाडी भाजी आणण्यापुरतीच निघत असेल तर. तो हवेतला दमटपणा आहे, त्याला घाबरू नका.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकची पोरं शिकवून निवृत्त झालो. कराडला घराच्या पोर्चमध्ये माझी ९६ सालची कार्बोरेटरवाली आठशे उभी असते. पुढचं सगळं तिच्या हिशोबाने आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, खाली बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या गाडीत वायरी आणि सेन्सर जास्त आहेत, पेट्रोलच्या पाइपात दाबही असतो. तो आधी उतरवल्याशिवाय पाइपाला हात लावू नका. डिझेल किंवा नव्या गाडीचं हेड पोर्चमध्ये उघडूच नका. तिथे बरेचदा बोल्ट एकदाच वापरायचे असतात आणि कोन मोजून आवळायचे असतात.

गॅस्केट आपोआप फारसं जात नाही. गाडी तापते, ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, पण बोल्टांनी धरून ठेवल्यामुळे त्याला सरकायला जागा नसते. मग हेड वाकतं आणि मधलं गॅस्केट मरतं. म्हणून गाडी का तापली ते सापडल्याशिवाय नवं गॅस्केट आणायला दुकानात जाऊ नका. पंखा लागतो का, त्याचा स्विच आणि रिले ठीक आहे का, रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजल्यात का, ते बघा. आमच्याकडे बोअरचं पाणी घालणारे पुष्कळ. त्यांचा रेडिएटर उघडला की आतून चुना निघतो. थर्मोस्टॅट वॉल्व्ह, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, पातेल्यातल्या पाण्यात, थर्मामीटर लावून तापवा. त्याच्यावर जो आकडा कोरलाय त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. ‘आपल्या हवेत वॉल्व्ह लागत नाही’ म्हणून तो काढून फेकणारे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, पण तुमच्या गाडीत वॉल्व्ह राहू द्या.

सामान फार लागत नाही. गोटी पान्यांचा सेट, रिंग पाने, फिलर गेज (बारीक फट मोजायची पातळ पानं), सरळ धारेची पोलादी पट्टी आणि टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना. टॉर्क पाना नसेल तर भाड्याने आणा, उसना आणा, पण त्याच्याशिवाय हेड आवळू नका. ‘हाताला कळतं’ हे वाक्य मी वर्गात चालू दिलं नाही.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. सायलेन्सरच्या पाइपाचे नट आदल्या संध्याकाळीच गंज सोडवायच्या तेलात भिजवून ठेवा, नाहीतर स्टड मोडतील आणि तुमचा रविवार तिथेच जाईल. गार इंजिनातलं कूलंट घमेल्यात काढा आणि घमेलं लगेच झाका. कूलंट गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. मग एअर फिल्टर, कार्बोरेटरच्या नळ्या, केबली, हेडवरचा पेट्रोल पंप, डिस्ट्रिब्युटरच्या वायरी. प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नंबर घाला. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून जिथला बोल्ट तिथेच खोचून ठेवा.

टायमिंग पट्टा, म्हणजे खालचा क्रँक आणि वरचा वॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडणारा पट्टा, काढण्याआधी इंजिन हाताने फिरवून खुणा जुळवा. कॅमच्या पुलीवरची खूण आतल्या कव्हरच्या खुणेसमोर, क्रँकच्या पुलीवरची ऑइल पंपाच्या बाणासमोर. मोबाइलवर फोटो काढा. टॅपेटचे, म्हणजे वॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचे स्क्रू ढिले करा. हेडचे बोल्ट बाहेरच्या टोकांपासून आत येत, प्रत्येकाला थोडं थोडं सोडत काढा. एकच बोल्ट एकदम मोकळा केला तर जे हेड वाकलं नव्हतं तेही वाकतं. हेड चिकटून बसलं असेल तर लाकडी हातोड्याने कडेच्या जाड भागावर हलके ठोके द्या. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. उतरवलेलं हेड दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, तोंड खाली करून फरशीवर नको.

आता घाई सोडा. जुनं गॅस्केट उजेडात धरून बघा. दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर, किंवा सिलिंडरपासून पाण्याच्या भोकाकडे जाणारी काळी, जळकी रेघ दिसेल. तिथून ते फुटलंय. मग पिस्टन बघा. दोन काजळीने काळे आणि एक धुतल्यासारखा लखलखीत असेल, तर पाणी त्या सिलिंडरमध्ये जात होतं, वाफेने तो साफ झालाय. या दोन खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या, तर हेडला चीर आहे का याची शंका घ्या.

साफसफाईत माझा पुतण्या हाताशी होता. ‘काका, अजून किती घासू?’ तो विचारी. बोटाचं नख पृष्ठभागावरून फिरवायचं, कुठेही अडकता कामा नये, तोवर. ब्लॉकवर ब्लेड आडवं धरून खरवडा. हेड मऊ आहे, तिथे प्लॅस्टिकची पट्टी आणि थिनरची चिंधी. ग्राइंडरला लावायची घासायची चकती इथे अजिबात नको. ॲल्युमिनियमला खड्डा पडतो, आणि तिची भुकटी ऑइलच्या वाटेने बेअरिंगात जाते. सिलिंडरांत आणि पाण्याच्या वाटांत कापडाचे बोळे कोंबा, आणि शेवटी ते मोजून काढा.

बोल्टांची भोकं हा सगळेच विसरतात तो भाग. त्यांच्या तळाशी पाणी किंवा ऑइल साचलेलं असतं. तसाच बोल्ट आवळला तर ते द्रव दाबलं जात नाही, टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो आणि कधीकधी ब्लॉकच तडकतो. चिंधीने टिपा, हवा मारा, आटे साफ करा. प्रत्येक बोल्ट नुसत्या बोटांनी तळापर्यंत गेला पाहिजे.

मग पट्टी हेडवर उभ्या धारेने ठेवायची. दोन लांबीच्या कडा, दोन आडव्या, दोन कर्ण. खालून फिलर गेजचं ०.०५ मिलिमीटरचं पान सरकवून बघा. कुठेही गेलं तर हेड वाकलंय. ते लेथवाल्याकडे फेस मारायला, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्यायला न्या, आणि तिथेच दाब देऊन चीर तपासून घ्या. ब्लॉकही असाच मोजा. माझ्या मते हेड एकदा उतरलं की पान जावो न जावो, चीर तपासून घ्यावीच. घरी डोळ्यांना ती दिसत नाही.

बसवणं त्यामानाने सोपं. नवं गॅस्केट कोरडंच बसवा, शेलॅक नको, सिलिकॉन नको, ग्रीस नको. त्यावरची ‘टॉप’ ही खूण वर आणि क्रँक पुलीच्या बाजूला यायला हवी. हेड दोघांनी धरून सरळ खाली उतरवा, गॅस्केटवरून घासत नेऊ नका. बोल्ट आता मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळायचे. या इंजिनाला शेवटचा आकडा ५५ ते ६० न्यूटन मीटर आहे. मी २०, मग ४०, मग ५८ घेतो. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. प्रत्येक टप्प्यात पाना एकसारखा, झटका न देता ओढा.

टायमिंग पट्टा जुना असेल तर आत्ताच बदला, पुन्हा कोण उघडणार? खुणा जुळवून पट्टा चढवा, टेन्शनर आवळा, आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत बघा. कुठे अडकलं तर जोर लावू नका, थांबून पट्टा परत लावा. टॅपेटचं अंतर गार इंजिनाच्या आकड्याने ठेवा. गार आणि गरम इंजिनाचे आकडे वेगळे असतात.

ऑइल आणि फिल्टर नवे घाला. साधारण तीन लिटर जातं, पण डिपस्टिकचं ऐका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. हीटर गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा. थर्मोस्टॅट वॉल्व्ह उघडून रेडिएटरची वरची नळी गरम होईपर्यंत हवा बाहेर पडत राहते, पातळी उतरते, भरत राहा. पंखा आपोआप लागून बंद झालेला बघितल्याशिवाय बॉनेट लावू नका. आधी ऑइलमध्ये पाणी गेलं असेल तर थोडे दिवस चालवून ऑइल परत बदला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी बघा. पहिला आठवडाभर गावातल्या गावात फिरवा, भरलेली गाडी घेऊन खंबाटकी घाट चढायला जाऊ नका. तापमानाची सुई नेहमीच्या जागेवरून वर सरकायला लागली तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, आणि रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावू नका.