टीम लीडच्या पदाकडे जाताना: आयटीतील अभियंता स्त्रीने वर्षभर करायची तयारी

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातील आयटी कंपनीत सहा-सात वर्षे चोख काम केलेल्या स्त्रीला टीम लीडचे (गटप्रमुखाचे) किंवा आर्किटेक्टचे (सॉफ्टवेअरची रचना ठरवणाऱ्याचे) पद त्या कामाच्या बळावर आपोआप मिळेल, असे गृहीत धरू नये. मोठ्या कंपन्यांत बढतीचा निर्णय सहसा एकटा मॅनेजर घेत नाही. एकाच विभागाचे अनेक मॅनेजर एकत्र बसून आपापल्या माणसांच्या रेटिंगची, म्हणजे वर्षभराच्या कामाला दिलेल्या श्रेणीची, तुलना करतात, जागा मोजक्या असतात, आणि प्रत्येक नावासाठी बोलायला जेमतेम काही मिनिटे मिळतात. त्या बैठकीत तुम्ही नसता. तुमच्या मॅनेजरच्या हातात त्या वेळी कोणता मजकूर असेल, हे मात्र बऱ्याच अंशी तुम्ही ठरवू शकता, आणि ते मार्चमध्ये नव्हे तर आदल्या वर्षभरात ठरवायचे असते.

त्यासाठी पहिली सवय नोंदींची. दर शुक्रवारी निघण्यापूर्वी त्या आठवड्यातील कामाच्या चार ओळी तारखेसह लिहून ठेवा. ‘पेमेंट मॉड्यूलवर काम केले’ ही नोंद निरुपयोगी आहे, ‘महिनाअखेरीस अडकणारा रात्रीचा बॅच जॉब सहा तासांवरून दीड तासावर आणला, त्यामुळे क्लायंटचा सकाळचा अहवाल वेळेवर जाऊ लागला, डिझाइन माझे, चाचण्या दोघा सहकाऱ्यांच्या’ ही नोंद बैठकीत जशीच्या तशी वाचता येते. अडचण काय होती, निर्णय कोणाचा होता आणि परिणाम कोणाला जाणवला, या तीन गोष्टी तिच्यात आहेत. सहकाऱ्यांचा वाटा प्रामाणिकपणे लिहावा, पण स्वतःचा वाटा ‘आम्ही केले’ या शब्दांत झाकून टाकू नये. क्लायंटने कौतुकाचा मेल पाठवला तर तो मॅनेजरला त्याच दिवशी पुढे पाठवा आणि स्वतःच्या फोल्डरमध्येही ठेवा.

त्याहून अवघड प्रश्न आहे तो कामाच्या निवडीचा, आणि माझ्या मते बहुतेक गुणी स्त्रिया इथेच मागे राहतात. बैठकीची मिनिट्स (इतिवृत्त) लिहिणे, नव्या मुलांना प्रोजेक्ट समजावून देणे, जुने डॉक्युमेंट नीट लावणे, दोन टीममधला तंटा मिटवणे, दिवाळीच्या कार्यक्रमाची जुळवाजुळव करणे, ही सारी कामे प्रोजेक्टला लागतात. ती स्त्रियांकडे सहज ढकलली जातात, त्या ती मन लावून करतात, आणि रेटिंगच्या दिवशी त्यांचा कोणी उच्चारही करत नाही. सरसकट नकार देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण मग ‘सहकार्य करत नाही’ असा शिक्का बसतो. दोन गोष्टी करता येतात. जे काम कोणीही करू शकतो त्याची पाळी लावण्याचा प्रस्ताव टीमच्या बैठकीतच मांडा: ‘या महिन्याची मिनिट्स मी लिहिते, पुढच्या महिन्यापासून सर्वांची पाळी लावू या.’ आणि ज्या कामाला खरोखर अनुभव लागतो, उदाहरणार्थ नव्या लोकांची तयारी, ते वर्षाच्या लेखी उद्दिष्टांत घालून घ्या, म्हणजे त्याची मोजदाद करावीच लागेल. यातून जो वेळ वाचेल तो अंदाजपत्रक बनवणे, नव्या मॉड्यूलचे डिझाइन, क्लायंटसमोरचे सादरीकरण आणि प्रॉडक्शनमधील, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरत असलेल्या प्रणालीतील, बिघाडाची जबाबदारी यांच्यासाठी मागून घ्या. लीडचे काम हेच असल्याने पद मिळण्याआधी ते तुमच्याकडून झालेले दिसले पाहिजे.

बढतीची इच्छा स्पष्ट शब्दांत सांगावी लागते. आर्थिक वर्ष एप्रिलपासून धरणाऱ्या कंपनीत जुलै-ऑगस्टमध्येच मॅनेजरकडे वन-ऑन-वनची, म्हणजे दोघांतच बोलण्याची, वेळ मागा आणि विचारा: ‘पुढच्या चक्रात मला टीम लीड व्हायचे आहे. आज माझा विषय निघाला तर कोणती गोष्ट कमी पडेल?’ उत्तर गोलमोल आले, ‘अजून थोडी परिपक्वता हवी’ अशासारखे, तर कोणते काम करून दाखवल्यावर ती परिपक्वता मान्य होईल हे त्याच बैठकीत विचारून घ्या. संध्याकाळी ठरलेल्या मुद्द्यांचा छोटा मेल पाठवा. मॅनेजर वर्षाच्या मध्यात बदलतात, आणि तोंडी आश्वासन त्यांच्याबरोबर निघून जाते. याच कारणाने मॅनेजरखेरीज आणखी एका वरिष्ठाला तुमचे काम प्रत्यक्ष माहीत असावे. दुसऱ्या विभागाबरोबरचे एखादे सामाईक काम अंगावर घेणे हा त्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे.

अमेरिकी क्लायंट असला की वेळेचा प्रश्न येतोच. न्यूयॉर्कची सकाळी दहाची बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला येते. घरी लहान मूल असलेल्या स्त्रीला बैठकीतून वगळणे हा उपकार समजला जातो, पण क्लायंटशी ओळख तिथेच होते. म्हणून ‘तुला उशीर नको’ असे कोणी परस्पर ठरवत असेल तर आठवड्यातील कोणत्या दोन बैठकांना तुम्ही घरून हजर राहाल हे स्वतः सांगा आणि घरातील त्या वेळची कामे जोडीदाराशी बोलून कायमची वाटून घ्या. कार्यालयातच थांबावे लागत असेल तर महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा माहीत असू द्या: रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते, आणि तिची सुरक्षितता व घराच्या दारापर्यंतचे वाहन ही मालकाची जबाबदारी असते.

बाळंतपणाच्या रजेमुळे बढती वर्षा-दोन वर्षांनी पुढे जाते, ते बहुधा नियमाने नव्हे तर कोणी विचारले नाही म्हणून. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आवश्यक आहे. रजेच्या काळात नोकरीच्या अटी स्त्रीच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. रजेवर जाण्यापूर्वी तीन गोष्टी मेलवर ठरवून घ्या: काम केलेल्या महिन्यांचे रेटिंग कसे धरले जाईल, तुमचे मॉड्यूल कोणाकडे जाईल, आणि परतल्यावर कोणत्या स्वरूपाचे काम मिळेल. परतण्याच्या महिनाभर आधी मॅनेजरला फोन करा, म्हणजे तुम्हाला ‘सध्या हलके काम’ म्हणून बाजूला बसवण्याआधी तुमचे म्हणणे पोहोचलेले असेल.

पद मिळाल्यावर पहिल्या तिमाहीत सर्वांत कठीण जाते ते हातचे काम सोडणे. अवघड बग स्वतः सोडवण्याचा मोह आवरून तो टीममधील दुसऱ्याला द्या, सोबत बसा, आणि कोडच्या रिव्ह्यूमध्ये (तपासणीत) कारणे लिहून दुरुस्त्या सुचवा. दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास बोला. क्लायंटच्या बैठकीत ज्याचे काम त्यालाच मांडू द्या. कोणी एखाद्या मुलीचा मुद्दा पाच मिनिटांनी स्वतःचा म्हणून मांडला तर तो मूळ कोणाचा होता हे तिथल्या तिथे सांगा. आता एखादी कनिष्ठ सहकारी लैंगिक छळाची तक्रार घेऊन तुमच्याकडेच प्रथम येऊ शकते. तिला गप्प राहण्याचा सल्ला देऊ नका आणि स्वतः चौकशीही करू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, तिची अध्यक्ष स्त्रीच असते, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. ही मुदत समिती योग्य कारणासाठी आणखी तीन महिने वाढवू शकते. समितीच्या सदस्यांची नावे व संपर्क लीड झालेल्या आठवड्यातच मिळवून ठेवा, आणि तक्रार लिहिताना तिला हवी असेल ती मदत करा.