कामाच्या जागी कर्करोगाचा धोका आहे का, हे कसे तपासावे?

लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचे मूळ काजळीत दाखवले. माणूस नेमके काय काम करतो, हे त्यांनी पाहिले. तपासणीची सुरुवात आजही तिथूनच होते.

१. कामाची यादी करा. हुद्दा नको, कृती लिहा: काय कापता, घासता, फवारता, हात कशाने धुता.

२. प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, मागा. तिच्या दुसऱ्या विभागात धोके दिलेले असतात. तिथला ‘एच३५०’ (H350) हा संकेतांक म्हणजे कर्करोग होऊ शकतो, ‘एच३५१’ (H351) म्हणजे तसा संशय आहे. पण शीट मिळते ती विकत आणलेल्या मालाची. काम करताना तयार होणारी धूळ आणि धूर तिच्यात सापडेलच असे नाही, आणि बहुतेकांची नजर इथेच चुकते. लाकडाची धूळ, दगड-काँक्रीट कापताना उडणारी सिलिका, वेल्डिंगचा आणि डिझेल इंजिनाचा धूर यादीत स्वतःहून घाला.

३. यादी आयएआरसीच्या (आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या) वर्गीकरणाशी ताडून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या या संस्थेने वरचे चारही घटक गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून नोंदवले आहेत. मात्र गट सांगतो तो पुरावा किती पक्का आहे हे. धोका किती मोठा आहे हे नाही. तो किती प्रमाणात आणि किती काळ संपर्क येतो यावर ठरतो. म्हणून हवेतील प्रमाण मोजले आहे का, हे विचारा.

४. उपाय क्रमाने मागा. आधी घातक पदार्थ बदलता येतो का ते पाहा. नसेल तर यंत्र बंदिस्त करणे, धूळ उगमापाशीच ओढून घेणे, पाण्याची धार सोडत कापणे. सुका झाडू आणि हवेचा झोत बंद. मास्क सगळ्यात शेवटी. घट्ट बसणारा मास्क दाढीवर नीट बसत नाही, हे फार कमी ठिकाणी सांगतात. कामाचे कपडे घरी नेऊ नका.

५. नोंद जपून ठेवा. अॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा (बहुधा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) अनेकदा २० ते ४० वर्षांनी उघड होतो. तोवर कारखाना बंद झालेला असू शकतो. काम, साल, पदार्थ आणि मोजमापाचे आकडे एका वहीत ठेवा आणि निवृत्तीनंतरही डॉक्टरांना दाखवा. अॅस्बेस्टॉसशी संपर्क आला असेल तर धूम्रपान आधी सोडा: दोन्ही मिळून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका एकेकट्यापेक्षा कितीतरी वाढतो.