हार्डी-वाइनबर्ग संतुलन : या चुका टाळा

एका जनुकाच्या दोन रूपांची, म्हणजे अलीलांची, समूहातली प्रमाणं पी आणि क्यू धरली, तर पी² आणि क्यू² हे दोन सारख्या प्रती असलेले आणि २पीक्यू हे दोन वेगळ्या प्रती असलेले (विषमयुग्मजी). पी² + २पीक्यू + क्यू² = १ हे सूत्र पाठ असतं, गणितंही सुटतात. पण ‘मग या समूहात उत्क्रांती होतेय का?’ असं विचारलं की गाडी अडते. नैसर्गिक निवड, उत्परिवर्तन, स्थलांतर यांपैकी काहीच नसेल, समूह खूप मोठा असेल आणि जोड्या यदृच्छेने जुळत असतील तर काय दिसेल, एवढंच हे सूत्र सांगतं. त्याच्याकडून जास्तीची अपेक्षा केली की चुका सुरू होतात.

प्रभावी (एकच प्रत असली तरी गुण दिसणारा) अलील आपोआप पसरतो, असं मानणं. हा गैरसमज शंभर वर्षांहून जुना आहे. आखूड बोटांचा गुण प्रभावी असेल तर तो कालांतराने चारांतल्या तिघांत का दिसू नये, ही शंका जनुकशास्त्रज्ञ पनेट यांनी गणितज्ञ हार्डी यांच्यापुढे ठेवली. हार्डी यांनी १९०८ साली थोडक्या गणितात ती निकालात काढली. त्याच वर्षी जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनीही स्वतंत्रपणे हेच मांडलं. प्रभावी असणं म्हणजे गुण दिसणं. संख्या वाढण्याशी त्याचा संबंध नाही.

रुग्णांच्या प्रमाणालाच क्यू समजणं. अप्रभावी (दोन्ही प्रती सदोष असतील तरच होणारा) आजार १०,००० जन्मांत एकाला होत असेल, तर ०.०००१ हा क्यू² आहे. वर्गमूळ काढा : क्यू = ०.०१, पी = ०.९९. वाहक (एकच सदोष प्रत असलेले, स्वतः निरोगी) २पीक्यू, म्हणजे ०.०१९८, जवळपास पन्नासांत एक! रुग्ण दहा हजारांत एक आणि वाहक पन्नासांत एक, हे पटायला जड जातं खरं. पण म्हणूनच असे आजार निवडीने लवकर नाहीसे होत नाहीत : बहुतेक अलील निरोगी वाहकांत असतात, तिथे निवड पोचतच नाही.

संतुलन गृहीत धरून संतुलनच सिद्ध करणं. मला ही सगळ्यांत घातक चूक वाटते, कारण उत्तर दरवेळी सुरेख जुळतं. वर केलं तसं क्यू² वरून क्यू काढला, त्यावरून पी आणि २पीक्यू, आणि बेरीज १ आली म्हणून ‘समूह संतुलनात आहे’ असं लिहिलं. बेरीज १ येणारच होती! वाहक प्रत्यक्ष मोजता येत असतील तरच चाचणीला अर्थ आहे. एमएन रक्तगटात तिन्ही प्रकार वेगळे ओळखता येतात : समजा १,००० जणांत एमएम ३६०, एमएन ४८०, एनएन १६०. एमचे अलील ७२० + ४८० = १,२००, एकूण २,०००, म्हणून पी = ०.६. आता अपेक्षित संख्या काढून ताडून बघा. काय-वर्ग चाचणीत (मोजलेल्या आणि अपेक्षित संख्यांतला फरक पारखणारी चाचणी) टक्केवारी नको, प्रत्यक्ष संख्याच घाला. गट तीन असले तरी डिग्री ऑफ फ्रीडम (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या संख्या) १ धरा, कारण पी याच माहितीतून काढला आहे. ५ टक्के पातळीला मर्यादा ३.८४; उत्तर त्याहून जास्त आलं तर आकडे संतुलनाशी जुळत नाहीत.

आकडे जुळले नाहीत की लगेच ‘निवड’ म्हणणं. आधी नमुना तपासा. एका समूहात पी ०.९ आणि दुसऱ्यात ०.१ असेल आणि दोन्ही निम्मे-निम्मे एकत्र मोजले, तर सरासरी पी ०.५ येतो, विषमयुग्मजी ५० टक्के अपेक्षित धरले जातात आणि सापडतात फक्त १८ टक्के. निवड कुठेच नाही, केवळ सरमिसळ. जवळच्या नात्यातल्या जोड्यांमुळेही विषमयुग्मजी घटतात, पण एवढ्याने अलीलांची वारंवारता बदलत नाही.

आकडे जुळले म्हणजे उत्क्रांती थांबली, असं मानणं. यदृच्छेने जोड्या जुळल्या की साध्या जनुकासाठी एका पिढीत प्रमाण पुन्हा बसतं, मागच्या पिढीत निवडीने पी बदललेला असला तरी. उलटही घडतं. मलेरियाच्या प्रदेशात सिकल सेल या रक्ताच्या आजाराचा अलील पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो, कारण एकच प्रत असलेल्यांना मलेरियापासून संरक्षण मिळतं. वारंवारता स्थिर दिसते, पण निवड जोरात चालू असते. म्हणून शक्य असेल तिथे नवजात आणि प्रौढ यांची मोजणी वेगळी ठेवा आणि पी लागोपाठच्या पिढ्यांत ताडून बघा.